तळाचा सूर, वरचे रंग : देब्यूसीच्या एका पियानोरचनेची हार्मनी समजून घेताना

८९ बारांच्या एका पियानोरचनेवर अख्खं पुस्तक कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. रचना वाजवायला पाच-सहा मिनिटं लागतात. तिच्यातले स्वर कागदावर अवघड दिसत नाहीत. वेगवान ताना नाहीत, बोटांची कसरत फारशी नाही. चार-पाच वर्षं नेमाने पियानो शिकलेला विद्यार्थी थोड्या आठवड्यांत त्या स्वरांवरून हात फिरवू शकतो. तरीही क्लोद देब्यूसीची ‘बुडालेलं कॅथीड्रल’ ही रचना अनेकांना हाताशी येऊनही कळत नाही. स्वर बरोबर लागतात, पण संगीत उभं राहत नाही. याचं कारण बोटांत सापडत नाही, ते हार्मनीच्या समजुतीत आहे. या पुस्तकाचा खटाटोप त्या एका कारणासाठी आहे.

मुंबई, पुणे, गोवा, नागपूर इथं पाश्चात्त्य पद्धतीने पियानो शिकणारी मुलं बहुधा लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षांतून वर येतात. थिअरीच्या वर्गात ती मेजर-मायनर स्केल शिकतात, ट्रायड शिकतात, टॉनिक, सबडॉमिनंट, डॉमिनंट यांचे रोमन आकडे कॉर्डखाली लिहायला शिकतात. बाख, मोझार्ट, बेथोव्हेन यांच्या रचनांना हे आकडे नेमके लागू पडतात. मग एके दिवशी समोर देब्यूसी येतो. विद्यार्थी सवयीप्रमाणे पेन्सिल घेतो आणि एकेका कॉर्डला नाव देऊ लागतो. नावं मिळतात, ती चूकही नसतात, पण सलग वाचली की त्यातून वाक्य तयार होत नाही. एक डॉमिनंट सेव्हन्थ येतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा. एकही सुटत नाही, एकही घरी जात नाही. इथे विद्यार्थी दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर, हे संगीत नियमाबाहेरचं आहे, समजून घेण्याच्या फंदात न पडता भावनेने वाजवावं. नाही तर, आपल्यालाच थिअरी कमी पडते. मला दोन्ही निष्कर्ष अमान्य आहेत. या संगीताला नियम आहेत, ते काटेकोर आहेत आणि ते कानाला समजतात. फक्त प्रश्न बदलावा लागतो.

कोणता प्रश्न, हे सांगण्याआधी जुना प्रश्न काय होता ते पाहू. सुमारे दोनशे वर्षं युरोपीय हार्मनीचा कणा एका ओढीवर उभा होता. सी मेजरमध्ये जी-बी-डी-एफ ही डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्ड वाजली की तिच्यातला बी हा वरच्या सीकडे आणि एफ हा खालच्या ईकडे झेपावतो. ताण निर्माण होतो, तो सुटतो, आणि आपण घरी पोचलो असं वाटतं. साऱ्या रचनेचा आराखडा या ताणण्या-सुटण्यावर बेतलेला असे. म्हणून कॉर्ड दिसली की विचारायचा प्रश्न एकच : ही कुठे निघाली आहे? याच विचारातून एक बंदीही आली होती. दोन आवाजांनी एकमेकांपासून पंचमाचं अंतर राखून एकाच दिशेने सरकायचं नाही, कारण तसं केलं की त्या दोन आवाजांचं स्वतंत्र अस्तित्व संपतं आणि कानाला एकच जाड आवाज ऐकू येतो. समांतर पंचम ही परीक्षेत गुण घालवणारी चूक होती आणि आजही थिअरीच्या पेपरात ती चूकच मानली जाते.

देब्यूसी या शिस्तीतच वाढला. १८६२ साली पॅरिसजवळच्या सँ-जेरमँ-आं-ले इथं जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला आणि १८८४ मध्ये त्याने प्री द रोम हा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. म्हणजे नियम येत नव्हते म्हणून मोडले, असं त्याच्याबाबतीत म्हणता येत नाही. त्याचे शिक्षक एर्नेस्त गिरो यांच्याशी त्याचे या विषयावर झालेले संवाद मोरिस एमान्युएल यांनी टिपून ठेवले आहेत. देब्यूसी पियानोवर समांतर कॉर्डची मालिका वाजवतो, गिरो शास्त्राचा आक्षेप घेतात, आणि कानाला मिळणारा आनंद हाच आपला नियम, अशी भूमिका देब्यूसी घेतो. त्याच सुमारास, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाचं गामेलान ऐकलं. धातूच्या वाद्यांचा तो थरांवर थर रचणारा नाद, खाली संथ मोठे ठोके आणि वर जलद बारीक हालचाल, त्याच्या मनात कायम राहिला. फ्रान्समध्येही जमीन भुसभुशीत झाली होती. एरिक सातीच्या १८८७ च्या ‘साराबांद’मध्ये न सुटणाऱ्या कॉर्ड निवांत एकामागून एक येतात, आणि त्याच वर्षीच्या शाब्रिएच्या एका ऑपेराची सुरुवात तशाच धाडसाने होते. देब्यूसी एकटा आकाशातून पडला नाही, पण या सगळ्या धाग्यांचं वस्त्र त्याने विणलं.

‘इम्प्रेशनिस्ट’ हे बिरुद त्याला स्वतःला आवडत नव्हतं. ते चित्रकलेतून आलं, तिथेही टीकाकाराच्या टोमण्यातून आलं, आणि संगीताला लावताना त्यात ‘धूसर’, ‘अस्पष्ट’ असा आरोप दडलेला होता. मी या पुस्तकात ते वापरलं आहे, कारण वाचक या संगीताला त्याच नावाने ओळखतो. त्यातला धूसरपणा मात्र मी मान्य करत नाही. ऐकणाऱ्याला धुकं दिसावं म्हणून लिहिणाऱ्याने प्रत्येक स्वर अचूक ठेवला आहे. वाजवणाऱ्यानेही तो तितक्याच अचूकपणे ठेवावा लागतो.

आता रचनेकडे वळू. देब्यूसीने पियानोसाठी प्रेल्यूदचे दोन संच लिहिले, प्रत्येकी १२ रचनांचे. पहिला संच १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा १९१३ मध्ये. ‘बुडालेलं कॅथीड्रल’ ही पहिल्या संचातली दहावी रचना. २५ मे १९१० रोजी पॅरिसमध्ये देब्यूसीने स्वतः या संचातल्या चार रचना पहिल्यांदा जाहीरपणे वाजवल्या, त्यात ही होती. रचनांची शीर्षकं त्याने वर छापली नाहीत. ती शेवटच्या बारनंतर, कंसात, टिंबांच्या मागे येतात. आधी ऐका, मग नाव वाचा, असा त्याचा आग्रह त्यातून दिसतो. नावामागची दंतकथा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची आहे. इस नावाचं नगर समुद्राने गिळलं, पण अधूनमधून पहाटे त्याचं कॅथीड्रल पाण्यातून वर येतं, घंटा वाजतात, ऑर्गन आणि धर्मगुरूंचं गायन ऐकू येतं, आणि पुन्हा सगळं पाण्याखाली जातं. वर येणं आणि बुडणं हाच रचनेचा आकार आहे.

पहिले सहा बार पाहू. त्यासाठी पियानो नसला तरी चालेल, घरातली पेटी पुरेशी आहे. पांढरी पाच, म्हणजे जी, हा सा धरा. आता प, ध आणि वरच्या सप्तकातला ग असे तीन स्वर सावकाश चढत वाजवा : डी, ई, बी. हीच आकृती पुन्हा वरच्या सप्तकात. सुरुवातीच्या बारांतली सगळी चढती हालचाल एवढ्याशा मुद्द्यावर उभी आहे, आणि तिचे स्वर भूपाच्या पाच स्वरांतले आहेत. देब्यूसी हे स्वर एकेकटे वाजवत नाही. तो प्रत्येकाला पंचम आणि चतुर्थ यांची पोकळ साथ देतो, गांधार गाळतो, आणि तो अख्खा खांब उचलून पुढच्या स्वरावर ठेवतो. गांधार नसल्यामुळे कॉर्ड मेजर की मायनर हे ठरत नाही. समांतर पंचमांची बंदी पहिल्याच बारला मोडलेली असते, आणि ती मोडण्यामागे कारण आहे : मध्ययुगीन चर्चमधलं सुरुवातीचं बहुस्वरी गायन असंच समांतर चालत असे.

खरी गोष्ट यापुढे आहे. वरची आकृती तीच राहते, पण तळाचा स्वर बदलतो. पहिल्या बारला तळाशी जी, तिसऱ्याला एफ, पाचव्याला ई. पेटीवर करून बघा. तळाशी पांढरी पाच धरून डी-ई-बी वाजवा : प, ध, ग. शांत, सुरक्षित. आता तळाचा स्वर सोडून पांढरी चार धरा, वरचे तीन स्वर जसेच्या तसे ठेवा. एफला सा मानलं तर तेच तीन स्वर आता ध, शुद्ध नी आणि तीव्र मध्यम झाले. वरचं बोट हललं नाही, तरी रंग बदलला. जागा उजळली, थोडी बेचैन झाली. मग तळाशी पांढरी तीन : तेच स्वर आता कोमल नी, सा आणि प. रंग पुन्हा गडद, पुन्हा स्थिर. हे तीन रंग लागोपाठ ऐकले की या संगीतातल्या हार्मनीचं मर्म हाताला लागतं. कॉर्ड कुठेही निघालेली नाही. ती जिथल्या तिथे आहे, तिच्याखालची जमीन सरकली आहे.

म्हणून या पुस्तकात ‘ही कॉर्ड कुठे निघाली?’ हा प्रश्न मी मागे ठेवला आहे आणि त्याच्या जागी तीन प्रश्न आणले आहेत. तळाशी कोणता सूर टिकून आहे? वर कोणता स्वरसमूह वावरतो आहे? आणि या दोहोंपैकी काय, कोणत्या क्षणी बदलतं? पुढची सगळी प्रकरणं या तीन प्रश्नांची उदाहरणं आहेत. जुना प्रश्न मी रद्द मात्र केलेला नाही. तो रचनेत नेमका कुठे पुन्हा जिवंत होतो, हे ओळखणं हीच या अभ्यासाची खरी परीक्षा आहे.

सातव्या बारला या प्रश्नांची पहिली कसोटी लागते. आतापर्यंत आपण पांढऱ्या पट्ट्यांवर होतो. आता चाल सी-शार्प, डी-शार्प, जी-शार्प अशा काळ्या पट्ट्यांच्या मुलखात शिरते. रोमन आकडे लिहिणारा विद्यार्थी इथे थबकतो, कारण एका मुलखातून दुसऱ्यात नेणारी ओळखीची कॉर्डच नाही. पण टिकलेला सूर शोधा, म्हणजे दार सापडतं. पाचव्या बारला तळाशी आलेला ई आता वेगवेगळ्या सप्तकांत घंटेसारखा वाजत राहतो. तो जुन्या स्वरसमूहातही होता आणि नव्यातही आहे. दोन दूरच्या मुलखांना सामाईक असलेला एक सूर धरून देब्यूसी पलीकडे जातो. वाजवणाऱ्याने या ईवर विश्वास टाकायचा असतो. तो मऊ पण स्पष्ट वाजला, तर बदल आपोआप पटतो. तो हरवला, तर सी-शार्पची चाल कुठूनशी येऊन आदळल्यासारखी वाटते.

सोळाव्या बारपासून धुक्यातून कॅथीड्रल हळूहळू वर येऊ लागतं, तशी स्वरलिपीत सूचनाच आहे. इथे सुरुवातीचीच आकृती, पण सा बदललेला : आधी पांढरी सात, म्हणजे बी मेजर, मग एकोणिसाव्या बारला काळी दोन, म्हणजे ई-फ्लॅट मेजर. तिथून जीच्या भक्कम तळावर, आणि अठ्ठाविसाव्या बारला सी. हा रस्ता पट्ट्यांवर बोट ठेवून मोजा. जीपासून बी चार पट्ट्यांवर, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून. बीपासून ई-फ्लॅट चार पट्ट्यांवर. ई-फ्लॅटपासून जी पुन्हा चार. सप्तकाचे तीन सारखे भाग करून आपण गोल फिरून आलो. या फेरीत ओढ कुठेच नाही, फक्त उंची वाढत जाते, कारण तीन सारख्या अंतरांपैकी कोणतंच घर वाटत नाही. आणि मग, जीवरून सीवर. हीच ती दोनशे वर्षांची जुनी ओढ, डॉमिनंटवरून टॉनिकवर. सत्तावीस बार देब्यूसीने ती वापरायचं टाळलं आणि कॅथीड्रल पूर्ण उघडं होतं त्या क्षणासाठी ती राखून ठेवली. म्हणून अठ्ठाविसाव्या बारचा सी मेजर इतका प्रचंड वाटतो. आवाज मोठा आहे म्हणून नव्हे, तर इतका वेळ कुणी घरी आलंच नव्हतं म्हणून. देब्यूसीने जुनी हार्मनी मोडून टाकली असं म्हणणाऱ्यांना मी हे बार दाखवतो. त्याने ती जपून, काटकसरीने वापरली.

अठ्ठाविसाव्या बारला सूचना आहे : भरदार, पण कठोर नको. दोन्ही हातांत पूर्ण ट्रायड, आणि त्या चालीबरोबर जशाच्या तशा सरकतात. इथेही एकेका कॉर्डचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आरतीला घरातले सगळे एकच चाल गातात, कुणी खर्जात, कुणी वरच्या सप्तकात, कुणी नकळत पंचमावर, आणि ऐकणाऱ्याला ती एकच चाल, पण भरलेली ऐकू येते. तसंच इथलं आहे. कॉर्ड ही चालीची जाडी आहे. मधेच एक बी-फ्लॅट, म्हणजे सीच्या सापेक्ष कोमल निषाद, येतो आणि क्षणभर खमाजाची छटा देऊन जातो. या साऱ्याच्या तळाशी सी पुन्हा पुन्हा वाजतो, पियानोवरचा सर्वांत खालचा सी. त्या ठोक्यानंतर दोन्ही हात वर निघून जातात, म्हणून तो धरून ठेवण्याचं काम उजव्या पेडलचं आहे. पेडल पूर्ण बदलला तर तळ निघून जातो. अजिबात न बदलता ठेवला तर वरच्या ट्रायडचा चिखल होतो. उपाय पायात आहे : पेडल अर्धाच, पटकन उचलायचा, म्हणजे वरच्या बारीक तारांचा नाद विझतो आणि खालच्या जाड तारा गुणगुणत राहतात. हार्मनी इथे कागदावरून उतरून पायात येते. ज्यांच्याकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे त्यांना हा सर्वांत खालचा सी मिळणारच नाही. रचनेचा पायाच त्या स्वरावर असल्यामुळे, अभ्यासापुरता तरी ८८ पट्ट्यांचा पियानो गाठावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुढे सत्तेचाळिसाव्या बारपासून सातव्या बारची काळ्या पट्ट्यांवरची चाल परत येते, आता जी-शार्पच्या तळावर, आणि वाढत वाढत दुसऱ्या शिखरावर पोचते. त्यानंतरच्या उतारावर ते डॉमिनंट सेव्हन्थ येतात ज्यांनी विद्यार्थी गोंधळतो : रांगेने, समांतर, एकही न सुटणारे. पण आता आपल्याला त्यांची भाषा कळते. जुन्या हार्मनीत ही कॉर्ड म्हणजे ताण. इथे ती केवळ एक रंग आहे, आणि तो रंग अंगावर घेऊन चाल खाली उतरते. बाहत्तराव्या बारला मोठी चाल पुन्हा येते, पण प्रतिध्वनीसारखी, पाण्याखालून, डाव्या हाताच्या मंद खालच्या लाटांवर. कॅथीड्रल बुडालं आहे आणि आत अजून गाणं चालू आहे. शेवटी सुरुवातीच्याच पोकळ कॉर्ड, पण आता सीच्या घरात. रचना जीवर सुरू झाली होती, सीवर संपते. म्हणजे सारे ८९ बार मिळून जीवरून सीवर जाणारी एक लांब ओढ आहेत.

लयीचा एक प्रश्न इथे येतो, आणि तो थेट हार्मनीशी बांधलेला आहे. स्वरलिपीच्या सुरुवातीला देब्यूसीने ६/४ आणि ३/२ असे दोन्ही ताल एकमेकांसमोर ठेवले आहेत, पण कुठे कोणता, हे स्पष्ट लिहिलेलं नाही. १९१२ च्या सुमारास त्याने ही रचना वेल्टे कंपनीच्या पियानो-रोलवर स्वतः वाजवून नोंदवली. त्यात ७ ते १२ आणि २२ ते ८३ हे बार तो कागदावर दिसतात त्याच्या दुप्पट वेगाने वाजवतो. छापील लिपीनुसार वाजवणाऱ्यांची अठ्ठाविसाव्या बारची चाल म्हणूनच इतकी सावकाश होते की कान प्रत्येक ट्रायड सुटी सुटी ऐकतो आणि मग पुन्हा तोच जुना प्रश्न विचारू लागतो, ही कुठे निघाली? रोलवरच्या वेगाने वाजवलं की त्याच कॉर्ड एका श्वासात जोडल्या जातात आणि चाल ऐकू येते. हार्मनीचा अर्थ लयीवर किती अवलंबून असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुस्तकातला सारा सराव मी त्या रोलच्या वेगावर बेतला आहे.

एका प्रकरणात मी याच संचातली दुसरी रचना, ‘व्वाल’, सोबतीला घेतली आहे. तिच्या ६४ बारांपैकी पहिले ४१ आणि शेवटचे १७ जवळजवळ पूर्णपणे सहा समान अंतरांच्या स्केलवर आहेत : सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. सगळी अंतरं सारखी, त्यामुळे कोणताही स्वर सा होऊ शकतो आणि कोणताच होत नाही. अशा निराधार अवस्थेत एकच गोष्ट कानाला टेकू देते : पाचव्या बारला तळाशी सुरू होणारा बी-फ्लॅट, जो जवळजवळ शेवटपर्यंत वाजत राहतो. मधले सहा बार, ४२ ते ४७, फक्त काळ्या पट्ट्यांवरचे पाच स्वर घेतात आणि वाऱ्याचा झोत आल्यासारखी रचना उघडते, मग पुन्हा मिटते. कॅथीड्रलमध्ये तळ बदलतो आणि वरची आकृती टिकते. इथे तळ टिकतो आणि वरचा स्वरसमूह बदलतो. तेच तीन प्रश्न, उलट्या बाजूने. दोन्ही रचना शेजारी ठेवल्या की पद्धत पक्की होते.

मराठी वाचकाच्या कानाबद्दल थोडं. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला टिकणारा सूर आणि त्याच्या सापेक्ष बदलणारा रंग हे शिकवावं लागत नाही. युरोपीय विद्यार्थ्याला कॉर्डच्या ओढीची सवय सोडून जिथे यावं लागतं, तिथे आपण जन्मतःच बसलेले असतो. म्हणून मी जागोजागी सरगम आणि पांढरी-काळीची भाषा वापरली आहे. ‘मोठी हार्मनी’ ऐकण्याचा संस्कारही आपल्याला आहे. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी व्हायोलिनच्या ताफ्यातून तो घराघरात पोचवला. पण एक धोकाही आहे. भूपाचे स्वर दिसले म्हणून तो भूप नव्हे. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, स्वर लावण्याची तऱ्हा असते. देब्यूसीला यातलं काही नको होतं. तो स्वरसमूह उचलतो, सरकवतो, चार बारांनी टाकूनही देतो. आपल्याकडे षड्ज मैफलभर हलत नाही. त्याचा तळ हलतो, आणि त्या हलण्यातच त्याची गोष्ट आहे. बडोद्याचे इनायत खाँ, मौलाबक्षांचे नातू, १९१३ च्या सुमारास पॅरिसमध्ये होते आणि देब्यूसीची त्यांच्याशी भेट झाली. पण तोवर ही रचना छापून झाली होती, म्हणून तिच्यात भारतीय प्रभाव शोधण्याचा मोह आवरावा. आपला कान हे समजून घ्यायचं साधन आहे, मालकी सांगायचा पुरावा नव्हे.

पुस्तक वापरण्याची रीत साधी आहे. प्रत्येक प्रकरणात बारांचा एक गट. आधी फक्त तळाचे सूर वाजवायचे, पेडल दाबून, नाद विझेपर्यंत ऐकत. मग तळ आणि वरची चाल, मधले स्वर गाळून, शक्यतो चाल गात. मग मधले स्वर भरायचे आणि कान लावायचा की भरल्याने कोणता रंग आला. पेडलचा विचार सर्वांत शेवटी नाही, पहिल्या दिवसापासून. रोमन आकडे जिथे खरोखर उपयोगी पडतात, म्हणजे सत्ताविसाव्या बारवरून अठ्ठाविसाव्यावर जाताना आणि शेवटाला, तिथे मी ते दिले आहेत. बाकी ठिकाणी मुद्दाम दिलेले नाहीत. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही, त्यांनाही पहिली दोन प्रकरणं पेटीवर पूर्ण करता येतील.

एवढं केल्यावर काय साधतं? एक रचना नीट वाजवता येते, हे तर आहेच. पण माझा हेतू त्याहून मोठा आहे. संचातल्या उरलेल्या दहा रचना मी या पुस्तकात सोडवलेल्या नाहीत, आणि त्या जाणीवपूर्वक सोडलेल्या आहेत. आठवी घ्या, जवस रंगाच्या केसांच्या मुलीची, ३९ बारांची. तिची सुरुवात एका एकट्या चालीने होते, तळाशी काहीच नाही. आता पहिलाच प्रश्न विचारा : तळाशी कोणता सूर टिकून आहे? उत्तर ‘कोणताच नाही’ असं आलं, तर तिसऱ्या बारला तो कसा येतो आणि त्यामुळे आधीच्या दोन बारांचा अर्थ कसा ठरतो, हे तुमचं तुम्हाला शोधता येईल. ते शोधताना या पुस्तकाची पानं उलटावी लागली नाहीत, तर ते लिहिण्याचं काम पूर्ण झालं असं मी समजेन.